लेझरने घालवलेला चष्म्याचा नंबर किती वर्षं टिकतो?

शंकेखोर

या प्रश्नाला ठरावीक तीन उत्तरं मिळतात. कोणी म्हणतं आयुष्यभर, कोणी म्हणतं दहाएक वर्षं, तर कोणी म्हणतं चाळिशी लागेपर्यंत. तिन्ही बरोबर असणं शक्य नाही, पण सांगणारे तिघंही ठामच असतात. म्हणून धागा काढतोय.

नेमकं विचारायचंय ते असं: लेझरने जो भाग काढला जातो तो पुन्हा भरून येतो का? नसेल, तर नंबर परत येतो तो कुठून? आणि आलाच, तर दुसऱ्यांदा लेझर करता येतं का, ते कशावर ठरतं?

"माझ्या मावशीचं झकास झालं" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. कारणं, आकडे आणि तपासण्या यांवर बोलू.

---

भिंगवाला

तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण ती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

डोळ्याचा नंबर तीन गोष्टींवर ठरतो: कॉर्नियाचा, म्हणजे सगळ्यात पुढच्या पारदर्शक काचेचा, बाक, आतल्या नैसर्गिक भिंगाची ताकद, आणि डोळ्याची पुढून मागे लांबी. लेझर यातल्या फक्त पहिल्या गोष्टीला हात लावतं. एक्सायमर लेझरचा किरण १९३ नॅनोमीटरचा असतो, त्याच्या एका ठोक्यात साधारण पाव मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ऊती उडते. मायनस नंबर असेल तर मधोमध जास्त आणि कडेला कमी असं कोरून काच चपटी करतात. कोरलेला हा मधला थर, स्ट्रोमा, पुन्हा वाढत नाही. त्या अर्थाने परिणाम आयुष्यभराचा.

पण भिंग आणि लांबी या दोघांना तुमच्या ऑपरेशनशी काही देणंघेणं नाही. भिंग वयानुसार कडक होतं आणि पुढे गढूळ होतं. लांबी काही जणांत विशीनंतरही थोडी वाढत राहते. थोडक्यात, लेझरने ज्या दिवशीचा हिशेब जुळवला तो जमेच्या एका बाजूचा. बाकीच्या दोन बाजू आपापल्या गतीने बदलत राहतात.

त्यामुळे "नंबर परत आला" असं म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा: मायनस आला, प्लस आला, की सिलिंडर (वेगवेगळ्या दिशांना वेगळा असणारा नंबर) आला? आणि किती दिवसांनी? निम्मं निदान तिथेच होतं.

---

काजवा

स्ट्रोमा वाढत नाही हे मान्य. पण पहिल्याच वर्षात पाऊण-एक नंबर परत आलेले लोक असतात. भिंग किंवा लांबी इतक्या लवकर बदलणार नाही ना?

---

पापणी

नाही बदलत. पहिल्या वर्षातल्या त्या परतीचा बराचसा दोष कॉर्नियाच्या सगळ्यात वरच्या थराकडे जातो. एपिथेलियम म्हणतात त्याला, जाडी सुमारे ५० मायक्रॉन. या थराला खड्डे आवडत नाहीत. गिलावा करणारा जसा भिंतीतला खोलगटपणा भरून काढतो, तसा हा थर चपट्या झालेल्या मध्यभागी थोडा जाड होतो. मधला भाग काही मायक्रॉननी फुगला की काच पुन्हा जराशी बाकदार होते आणि थोडा मायनस परत दिसतो.

मूळ नंबर जितका मोठा तितकी ही भरपाई जास्त. लेझरने कोरलेलं वर्तुळ लहान असेल आणि कडेला उतार एकदम असेल तर आणखी जास्त. प्लस नंबरच्या लोकांत तर हा त्रास ठळक असतो, कारण तिथे मध्य सोडून बाजूने कडं कोरावं लागतं आणि एपिथेलियम नेमकं ते कडं भरत बसतं. म्हणूनच मोठ्या प्लस नंबरला लेझर करायला अनुभवी सर्जन तयार होत नाहीत. साधारण +३ ते +४ च्या पुढे बहुतेकजण नकोच म्हणतात.

चांगली गोष्ट अशी, की ही भरपाई बेमुदत चालत नाही. मायनसमध्ये लॅसिकनंतर (वरची पातळ चकती, म्हणजे फ्लॅप, कापून उचलायची, खाली कोरायचं आणि ती परत बसवायची) तीन ते सहा महिन्यांत आणि पीआरकेनंतर (फ्लॅप न कापता, एपिथेलियम काढून थेट वरून कोरायचं) सहा महिने ते वर्षभरात गाडी थांबते. सुरुवातीच्या पीआरके रुग्णांचा १२ वर्षं पाठपुरावा झाला, त्यात वर्षाअखेर जो नंबर होता तोच पुढे टिकलेला दिसला.

हल्ली एपिथेलियमची जाडी ओसीटीवर, म्हणजे प्रकाशाने डोळ्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनवर, रंगीत नकाशासारखी दिसते. वर्षाच्या आत नंबर परत आला असेल तर हा नकाशा मागून घ्यावा. मध्यभागी ५० ऐवजी ६० च्या आसपास आकडे दिसले की कारण सापडलं.

---

अर्धा_नंबर

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर जाडीचा हिशेब मांडतो. टिकेल की नाही याचा पाया तोच आहे, आणि कागदावर सहज करता येतो.

कोरायची खोली = नंबर × (वर्तुळाचा व्यास मिमीमध्ये)² ÷ ३.

व्यास ६ मिमी धरला तर एका नंबराला १२ मायक्रॉन, ६.५ ला १४, ७ ला १६ च्या वर.

आता दोन डोळे घ्या.

पहिला: कॉर्नियाची जाडी ५४० मायक्रॉन, नंबर −६, व्यास ६.५, फ्लॅप ११०. कोरणार ८४. फ्लॅप आणि कोरणं मिळून १९४. खाली शिल्लक ३४६. मूळ जाडीच्या ३६ टक्के भागाला हात लागला.

दुसरा: जाडी ४९०, नंबर −७, बाकी तसंच. कोरणार ९८. एकूण २०८. शिल्लक २८२. हात लागला ४२ टक्क्यांना.

जुना नियम म्हणतो की शिल्लक २५० च्या खाली जाऊ नये. त्या नियमाने दुसराही पास. पण टक्केवारीचा नियम ४० च्या पुढे धोक्याची घंटा वाजवतो, तिथे तो नापास. कारण कॉर्नियाची ताकद सगळीकडे सारखी नसते. पुढचा तिसरा हिस्सा सगळ्यात मजबूत असतो आणि नेमका तोच फ्लॅपमध्ये जातो. फ्लॅप परत बसवला तरी तो भार पेलायच्या कामाचा उरत नाही.

---

भिंगवाला

हिशेब बरोबर, एक पुरवणी. चष्म्याचा −७ हा कॉर्नियावर −७ नसतो. चष्मा डोळ्यापासून सुमारे १२ मिमी पुढे असतो, त्यामुळे कॉर्नियाच्या पातळीवर तो साधारण −६.५ भरतो. म्हणजे खोली थोडी कमी निघायला हवी. पण आजची यंत्रं कडेचा उतार नीट ठेवायला आणि गोलाकार दोष टाळायला सूत्रापेक्षा थोडी जास्त ऊती खातात. दोन्ही चुका साधारण एकमेकींना खातात, म्हणून तुझं उत्तर वापरायला हरकत नाही. अंतिम आकडा मात्र यंत्राच्या छापील कागदावरचाच धरायचा.

आणि फ्लॅप ११० सांगितला म्हणून ११० चाच झाला असं नाही. पात्याने कापायचे त्या काळात तर १६० सांगून भलताच निघायचा. फेम्टोसेकंद लेझरने हा फरक बराच आटोक्यात आलाय.

---

चतकोर

चाळिशीचं काय? चाळिशी आली की लेझर "उतरतं" असं सर्रास ऐकू येतं.

---

लोलक

लेझर उतरत नाही. चाळिशी आधीपासून येतच असते, लेझरने तिच्यावरचं पांघरूण काढलं जातं एवढंच.

जवळचं पाहताना आतलं भिंग फुगतं. ही फुगण्याची क्षमता लहानपणापासूनच कमी होत जाते. सरासरी काढायचं जुनं सूत्र आहे: १८.५ मधून वयाचा ०.३ पट वजा करा. ४० व्या वर्षी ६.५ डायऑप्टर (म्हणजे आपण ज्याला नंबर म्हणतो ते एकक), ५० व्या वर्षी ३.५. पुस्तक ४० सेंमीवर वाचायला अडीच लागतात, आणि आरामात वाचायचं तर तेवढेच गाठीशी शिल्लक हवेत. म्हणून पंचेचाळिशीच्या आसपास हात लांब करायची वेळ येते.

आता −२.५ चा माणूस घ्या. चष्मा काढला की त्याला ४० सेंमीवर आपोआप स्वच्छ दिसतं. साठीतही दिसेल. फुकटचा वाचायचा चष्मा त्याच्या डोळ्यातच आहे. लेझरने नंबर शून्य केला की ही सोय गेली. ४५ व्या वर्षी त्याला +१.२५ च्या आसपास आणि पन्नाशीत +२ च्या आसपास वाचायचा चष्मा लागणार, अगदी ज्याला जन्मात कधी नंबर नव्हता त्याच्यासारखाच.

म्हणून ३८ ते ४५ या वयात लेझर करू पाहणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. लांबचा चष्मा गेला आणि दोन वर्षांत जवळचा आला, की माणूस "फसवलं" म्हणतो. खरं तर कोणी काही लपवलेलं नसतं, पण कोणी बसवून समजावलेलंही नसतं.

मोनोव्हिजन नावाचा मार्ग आहे. ज्या डोळ्याचा वरचष्मा असतो तो शून्यावर ठेवायचा, दुसरा मुद्दाम −१.२५ ते −१.५ वर. एक डोळा लांबचं बघतो, दुसरा जवळचं. मेंदूला जमलं तर छान. पण खोलीचा अंदाज आणि रात्रीचं गाडी चालवणं यांत तोटा होतो. त्यामुळे थेट कोरून घेण्याआधी आठवडा-दोन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स घालून हीच मांडणी वापरून पाहायची. ज्याला लेन्समध्ये चक्कर आल्यासारखं होतं त्याला लेझरने वेगळं काही वाटणार नाही.

---

चतकोर

"फुकटचा वाचायचा चष्मा" हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

पडदानशीन

डोळ्याच्या लांबीचा मुद्दा भिंगवालांनी पटकन उरकला, पण तरुणांमध्ये सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

लांबीत १ मिमी वाढ म्हणजे सुमारे अडीच नंबर. म्हणजे ०.२ मिमी वाढली तरी अर्धा नंबर गेला. ज्याचा नंबर अजून वाढतोय त्याचं लेझर केलं, तर ते वाढत्या मुलाला मापाचा सदरा शिवण्यासारखं आहे. शिवण उत्तम, पण वर्षभराने तोकडा. म्हणून १८ वर्षं पूर्ण ही फक्त किमान अट समजा. खरी अट अशी, की निदान वर्षभरात नंबर अर्ध्यापेक्षा जास्त बदललेला नसावा, आणि हे तोंडी नव्हे तर दोन तारखांच्या कागदांवर दिसावं. १९ व्या वर्षी केलेल्यांच्यात परत येणारा मायनस आणि २६ व्या वर्षी केलेल्यांच्यात परत येणारा मायनस यांत फरक पडतो तो यामुळे.

एक गोष्ट फार थोडे करतात, पण करायला हवी: ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी मोजून ठेवणं. मोतीबिंदूच्या आधी ज्या यंत्राने मोजतात त्याच यंत्रावर, डोळ्याला स्पर्श न करता दोन मिनिटांत होतं. पाच वर्षांनी −१ आला तर पुन्हा लांबी मोजायची. वाढलेली असेल तर डोळाच वाढला. तेवढीच असेल तर कारण कॉर्नियात किंवा भिंगात शोधायचं. जुना आकडा नसेल तर हे दोन्ही वेगळे करणं फार अवघड जातं.

दुसरं: लेझरने चष्मा गेला तरी डोळा मागून लांबच राहतो. ताणलेला, पातळ झालेला आतला पडदा (रेटिना) तसाच असतो. −८ चा माणूस चष्म्याशिवाय फिरू लागला म्हणून त्याचा पडदा सुटण्याचा धोका कमी होत नाही. वर्षातून एकदा थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा तपासायचा. अचानक काळे ठिपके, विजेसारखे लखलखाट, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सोमवारी बघू, असं नाही.

---

काजवा

नंबर खरंच आलाय की नुसतं धूसर वाटतंय, हे घरी कळण्यासारखं काही आहे का? दर वेळी दवाखाना गाठण्याआधी.

---

पापणी

तीन सोप्या चाचण्या आहेत. निदान नव्हे, दिशा कळते.

उघडमीट. लांबची बारीक अक्षरं बघा, धूसर वाटली की दोनतीनदा पूर्ण पापणी मिटा. लगेच स्वच्छ झालं आणि काही सेकंदांत पुन्हा धूसर, तर हा अश्रूंचा विषय आहे, नंबराचा नाही. लेझरमध्ये कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात. त्यामुळे पहिले सहा ते बारा महिने कोरडेपणा असतो, काहींना पुढेही राहतो. अश्रूंचा थर १० सेकंदांच्या आत फुटत असेल तर मोजलेल्या नंबरावरही विश्वास ठेवता येत नाही. महिना-दोन महिने प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब, पापण्यांना शेक, आणि मग पुन्हा मोजणी. कोरड्या डोळ्याच्या नंबरावर दुसरं लेझर करणं ही सगळ्यात टाळता येण्यासारखी चूक.

भोक. पुठ्ठ्याला जाड सुईने एक-सव्वा मिमीचं भोक पाडा, एक डोळा झाकून दुसऱ्याने त्यातून बघा. स्वच्छ दिसलं तर नंबराचा दोष. भोकातूनही धूसरच, तर भिंग गढूळ झालंय का, पडद्याला काही आहे का, ते बघावं लागेल. मग चष्म्याच्या दुकानात वेळ घालवू नका.

टेप. ही चाळिशीच्या आतल्यांनीही करावी. चष्म्याशिवाय, एका डोळ्याने, बारीक छपाईचा कागद हळूहळू लांब न्या आणि अक्षरांच्या कडा पसरायला लागतील तिथे थांबून टेपने अंतर मोजा. कागद १ मीटरवर पसरला तर नंबर −१ च्या आसपास, ५० सेंमीवर तर −२. हात पुरेनासा झाला की जरा मोठ्या अक्षरांचा कागद भिंतीला लावा आणि स्वतः मागे सरका. २ मीटरपर्यंत नीट असेल तर अर्ध्याच्या आत आहात; तेवढ्याला रात्री गाडी चालवताना चष्मा पुरतो.

---

शंकेखोर

जुन्या पिढीतल्या काही लोकांचं उलटं झालेलं ऐकलंय. मायनसचं ऑपरेशन आणि वीस वर्षांनी चांगला जाड प्लसचा चष्मा. ते कसं?

---

भिंगवाला

ते लेझर नव्हतं. ते आरके, रेडियल केराटॉटमी. हिऱ्याच्या चाकूने कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारखे खोल छेद घ्यायचे, म्हणजे कडा सैल पडून मध्य चपटा व्हायचा. पण छेद पूर्ण भरून येत नसत आणि कॉर्निया वर्षानुवर्षं चपटा होत राही. अमेरिकेत १० वर्षं पाहणी केलेल्या पर्क अभ्यासात ४३ टक्के डोळे एक नंबर किंवा त्याहून जास्त प्लसकडे सरकले होते. शिवाय सकाळी एक नंबर, संध्याकाळी दुसरा.

लेझर पीआरकेला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली, त्याच दशकात आरके मागे पडलं. पण "डोळ्याचं ऑपरेशन करून चष्मा घालवला" या एकाच वाक्यात दोन्ही बसतात, म्हणून गोंधळ चालू आहे. जुन्या ऑपरेशनबद्दल बोलताना छेद की लेझर हे आधी विचारावं. दिव्याच्या भिंगाखाली आऱ्या स्पष्ट दिसतात.

---

नवतंत्र

मग स्माईलच घ्यावं ना, ज्यात लेझरने कॉर्नियाच्या आतल्या आत चकती कापून ती छोट्या छेदातून ओढून काढतात! फ्लॅप नाही, २ ते ४ मिमीचा छेद, कॉर्निया मजबूत राहतो, म्हणजे परिणामही जास्त टिकणार.

---

लोलक

पहिली तीन वाक्यं ठीक, चौथं त्यांच्यातून निघत नाही.

फ्लॅप नसल्याने मार लागून फ्लॅप हलायचा प्रश्न मिटतो. कुस्ती, बॉक्सिंग, सैन्यभरती अशांसाठी तो खरा फायदा आहे, कारण लॅसिकचा फ्लॅप वर्षांनंतरही जबर फटक्याने सरकल्याच्या नोंदी आहेत. नसा कमी कापल्या जातात, कोरडेपणा सुरुवातीला कमी. पण एपिथेलियम स्माईलनंतरही भरपाई करतंच. डोळ्याची लांबी वाढायची ती वाढतेच. चाळिशी आणि मोतीबिंदूला तर कुठल्या पद्धतीने केलं याची दखलही नसते. टिकाऊपणात मायनससाठी तिन्ही पद्धती उन्नीस-बीस आहेत. आणि स्माईलला अमेरिकेत मान्यता मिळाली २०१६ मध्ये. ज्या पद्धतीचे ३० वर्षांचे डोळे अजून जगात नाहीत, तिची ३० वर्षांची हमी कोणी देऊ नये.

---

नवतंत्र

मान्य. "मजबूत" आणि "टिकाऊ" यांची गल्लत झाली.

---

अर्धा_नंबर

मजबुतीचा मुद्दा निघाला म्हणून एक्टेशिया. लेझरनंतर नंबर परत येण्याचं हे सगळ्यात दुर्मीळ आणि सगळ्यात वाईट कारण.

यात कमकुवत झालेला कॉर्निया आतल्या दाबाने हळूहळू पुढे फुगतो. साध्या परतीशी गल्लत करू नका, लक्षणं वेगळी आहेत. साध्या परतीत मायनस येतो आणि चष्मा लावला की शेवटची ओळ वाचता येते. एक्टेशियात सिलिंडर वाढतो, त्याचा अक्ष, म्हणजे दिशा, दर भेटीत फिरतो, चष्मा लावूनही अक्षरांना सावल्या दिसतात, आणि कॉर्नियाच्या नकाशावर खालच्या बाजूला बाक वाढलेला दिसतो. पहिल्या काही वर्षांत जास्त दिसतो, पण उशिराही येतो.

बहुतेक वेळा मुळात केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा फुगण्याच्या आजाराची) सुप्त सुरुवात होती आणि ती आधीच्या नकाशात हुकली, असं निघतं. म्हणून फक्त जाडी मोजून "चालेल" म्हणणाऱ्याकडे करू नये. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही पृष्ठभागांचा नकाशा हवा. तोही कॉन्टॅक्ट लेन्स बंद करून: मऊ लेन्स निदान आठवडा-दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे किंवा नकाशा दोनदा सारखा येईपर्यंत. लेन्सने दबलेला कॉर्निया खोटं बोलतो, आणि मग ऑपरेशन त्या खोट्या आकाराचं होतं.

उपाय म्हणजे क्रॉसलिंकिंग. वरचा थर काढून रायबोफ्लेविनचे थेंब अर्धा तास, मग ३६५ ते ३७० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश. मूळ पद्धतीत ३ मिलिवॅट दर चौरस सेंमी, ३० मिनिटं. थर काढल्यावर निदान ४०० मायक्रॉन जाडी लागते, नाहीतर प्रकाश आतल्या पेशींपर्यंत पोचतो. याने फुगणं थांबतं, गेलेली दृष्टी मात्र बहुधा पूर्ण परत येत नाही. ती कडक किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या) लेन्सने मिळवावी लागते.

आणि डोळे चोळणं बंद. लेझर झालेल्यांनी तर कायमचं. खाज सुटत असेल तर अॅलर्जीचे थेंब घ्या, बोटाची सांधी डोळ्यात घालून रगडू नका.

---

शंकेखोर

आता माझा शेवटचा प्रश्न राहिला. दुसऱ्यांदा लेझर कधी, कसं?

---

लोलक

आधी कधी नाही ते सांगतो. परत आलेला नंबर अर्धा किंवा त्याहून कमी असेल, कोरडेपणा उपचाराविना असेल, भिंग गढूळ व्हायला लागलं असेल, किंवा नंबर अजून सरकत असेल, तर नाही. गरोदरपण आणि अंगावर पाजणं चालू असेल तरीही नाही, त्या काळात नंबर तात्पुरता बदलतो. मधुमेह असलेल्यांचंही तसंच. साखर चढली की भिंगात पाणी शिरून बहुधा मायनस वाढतो, उपचाराने ती झपाट्याने उतरली की काही आठवडे प्लस दिसतो. साखर स्थिर झाल्यावरच मोजावं.

पाऊण-एकच्या वर असेल, महिना-दोन महिन्यांच्या अंतराने दोनदा तोच आकडा आला असेल, तर विचार करायचा. लॅसिकनंतर निदान तीन महिने, पीआरकेनंतर निदान सहा महिने थांबून.

मोजणी बाहुली मोठी करून, भिंगाची चुळबुळ थांबवून करायची. दिवसभर स्क्रीनकडे बघणाऱ्या तरुणाचं भिंग आखडून अर्धा-पाऊण खोटा मायनस दाखवू शकतं, आणि तो कोरला की माणूस प्लसमध्ये जातो. मग ओसीटीवर फ्लॅपखाली खरोखर किती शिल्लक आहे ते मोजायचं. जुन्या कागदावरच्या वजाबाकीवर भागवायचं नाही.

पद्धत किती वर्षं झाली त्यावर ठरते. वर्षभराच्या आत फ्लॅप कडेने सोडवून उचलता येतो, पुन्हा नवा कापावा लागत नाही. तीनेक वर्षं उलटल्यावर उचलला तर कडेच्या पेशी फ्लॅपखाली घुसून तिथे वाढण्याचा धोका बराच वाढतो. पांढरट बेटं दिसतात, मध्याकडे सरकली तर पुन्हा उचलून खरवडावी लागतात. म्हणून जुन्या फ्लॅपला हात न लावता वरून पीआरके करतात. एपिथेलियम काढताना फ्लॅपची कड ओढली जाणार नाही याची काळजी, आणि डाग धरू नये म्हणून ०.०२ टक्के मायटोमायसिन काही सेकंद. नंतर चार-पाच दिवस पट्टीची लेन्स, वेदना, आणि नजर स्थिरावायला काही आठवडे. पहिल्या लॅसिकसारखी दुसऱ्या दिवशी खणखणीत नजर मिळेल अशी अपेक्षा ठेवून गेलेले हिरमुसतात. स्माईलनंतरही बहुधा हाच मार्ग.

स्टेरॉइडचे थेंब उतरत्या क्रमाने काही आठवडे ते महिने चालतात. मधे डोळ्याचा दाब तपासून घ्या.

---

पडदानशीन

दाबावरून एक जोड. लेझरनंतर कॉर्निया पातळ होतो, त्यामुळे नेहमीचं यंत्र दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. घरात काचबिंदू असेल तर हे धोक्याचं, कारण आकडा निवांत दिसतो आणि नस आतून झिजत असते. प्रत्येक नव्या डॉक्टरला "लेझर झालंय" हे आधी सांगायचं. पंधरा वर्षं चष्मा नसला की लोक हे सांगायचं खरोखर विसरतात.

---

भिंगवाला

याच विसरण्याचा मोठा फटका मोतीबिंदूच्या वेळी बसतो.

पन्नाशी-साठीनंतर मायनस येऊ लागला तर बहुतेक वेळा तो भिंगाचा असतो. भिंगाचा गाभा दाट होतो, मायनस वाढतो, वाचायचा चष्मा सुटतो आणि माणूस खूश होतो. लेझर संपलं म्हणून नव्हे, मोतीबिंदू आला म्हणून. तिथे पुन्हा कॉर्निया कोरण्यात अर्थ नाही, भिंग बदलणं हाच उपाय.

पण कृत्रिम भिंगाचा नंबर काढताना यंत्र कॉर्नियाचा पुढचा बाक मोजतं आणि मागचा बाक ठरावीक प्रमाणात आहे असं धरून चालतं. लेझरने फक्त पुढचा बाक बदललेला असतो, ते प्रमाण मोडलेलं असतं. सहा नंबर काढलेल्या डोळ्यात यंत्र कॉर्नियाची ताकद पाऊण ते एक नंबर जास्त धरतं. वर साध्या सूत्रांचा भिंग कुठे बसेल हा अंदाजही त्याच बाकावरून चुकतो. दोन्ही चुका एकाच दिशेने: भिंग कमी ताकदीचं बसतं आणि माणूस प्लसमध्ये जातो. यासाठी बॅरेट ट्रू-के, हायगिस-एल, शम्मास अशी वेगळी सूत्रं आहेत, आणि त्यातली काही जुने आकडे दिले की आणखी नेमकी चालतात.

म्हणून फाइलमध्ये हे हवं: ऑपरेशनआधीचा नंबर सिलिंडर-अक्षासकट, आधीचे कॉर्नियाचे के आकडे (बाकाची मोजमापं), जाडी, दोन्ही पृष्ठभागांचे नकाशे, शक्य तर डोळ्याची लांबी, फ्लॅपची जाडी, कोरलेली खोली आणि व्यास, कोणती पद्धत, आणि सहा महिने ते वर्षानंतरचा स्थिर नंबर. सगळ्याचे फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची छपाई पाच वर्षांत उडते.

---

चतकोर

आणि फाइल हरवली असेल, दवाखानाही बंद झाला असेल तर?

---

भिंगवाला

जुने आकडे न मागणारी सूत्रं आहेत, त्यांवर काम भागतं. पण आधी कपाट शोधा. ऑपरेशनच्या आधीचा शेवटचा चष्मा सापडला तर कुठलाही चष्मेवाला लेन्सोमीटरवर त्यातून नंबर, सिलिंडर आणि अक्ष वाचून देतो. कॉन्टॅक्ट लेन्सचं रिकामं पाकीट मिळालं तरी चालेल, फक्त तो आकडा कॉर्नियाच्या पातळीचा असतो हे सांगा: चष्म्याचा −६ तिथे साधारण −५.६ असतो. लेझर झाल्यावर लोक हौसेने जुना चष्मा फेकतात. फेकू नका. नावाची आणि तारखेची चिठ्ठी लावून डबीत ठेवा.